आगीशी लढायला बांधलेली धावपट्टी

मूस क्रीकला सायकल नेता येत नाही. मोटारीचा तर प्रश्नच नाही, कारण तिथवर रस्ताच जात नाही. पायवाटेवर आडवं पडलेलं झाड दूर करायला यांत्रिक करवत वापरण्याची मुभा वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनाही नाही. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत घेऊन त्यांना घाम गाळावा लागतो. पण विमान मात्र इथे उतरू शकतं. सेलवे नदीच्या काठी, पाइन, फर आणि सीडरच्या जंगलात गवताची एक लांबलचक धावपट्टी आहे. उन्हाळ्यातल्या निवांत सकाळी तिच्यावर दोन-चार आसनांची खासगी विमानं उतरतात, वैमानिक कडेच्या झाडांखाली तंबू ठोकतात आणि पाठीवर पिशव्या घेऊन पायवाटांनी नदीकडे निघून जातात.

ज्या जंगलात चाकाला बंदी, तिथे विमानाला परवानगी कशी? या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलो की आपण आगीपाशी येऊन पोचतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जंगलातल्या वणव्याविषयी अमेरिकेचं मत कसं बनलं, कसं कठोर झालं आणि मग कसं मुळापासून बदललं, हे एकाच जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल, तर मला मूस क्रीकहून चांगली जागा माहीत नाही.

आधी जागा नीट पाहू. अमेरिकेच्या वायव्येला आयडाहो हे राज्य आहे आणि त्याच्या पूर्वेला मोंटाना. दोघांच्या सीमेवर बिटररूट पर्वतरांग आहे. या रांगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या जंगलाला सेलवे-बिटररूट वन्यप्रदेश म्हणतात. त्याचं क्षेत्र १३ लाख एकरांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं मोठंच. एवढ्या मुलखात गाव नाही, वीज नाही, डांबरी रस्ता नाही. मधून सेलवे नदी वाहते. डोंगरउतार इतके उभे की नदीकाठी सपाट जमीन क्वचितच सापडते. मूस क्रीक हा ओढा सेलवेला मिळतो त्या संगमाजवळ मात्र निसर्गाने एक बऱ्यापैकी सपाट माळ ठेवला आहे. रेंजरचं ठाणं तिथेच झालं, धावपट्टीही तिथेच झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून हा सगळा प्रदेश निमीपू लोकांचा. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना नेझ पर्स म्हटलेलं असतं. शिकार, मासेमारी आणि कंदमुळं यांसाठी ते ऋतूनुसार या डोंगरांतून फिरत. आज हौशी पदयात्री ज्यांवरून चालतात अशा या मुलखातल्या कित्येक वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत. या भागातले मूलनिवासी गवत चांगलं यावं, जंगल मोकळं राहावं म्हणून जाणूनबुजून छोट्या आगी लावत. पुढच्या हकिकतीसाठी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

अमेरिकेचं वनखातं १९०५ साली स्थापन झालं. ते जेमतेम पाच वर्षांचं असताना १९१० चा उन्हाळा आला. पाऊस रुसलेला, जंगल वाळून कोळ झालेलं आणि डोंगरांत शेकडो लहान-मोठ्या आगी धुमसत असलेल्या. २० आणि २१ ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि या सगळ्या आगी एकमेकींत मिसळल्या. दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांतलं सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. निदान ८५ माणसं गेली, त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर होते. वॉलेस या खाणगावाजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या हाताखालच्या सुमारे ४५ माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं, बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून अडवलं आणि त्यांतल्या बहुतेकांचे जीव वाचवले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं जे हत्यार आज तिकडचे सगळे अग्निशामक वापरतात, त्याला त्याच्याच नावाने पुलास्की म्हणतात.

या आगीने वनखात्याच्या मनावर जो चटका बसला, तो पुढची साठ वर्षं गेला नाही. आग म्हणजे शत्रू, आणि शत्रू लहान असतानाच त्याला गाठायचं, हे खात्याचं ब्रीद झालं. त्यासाठी डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या खोल्या आणि मनोरे उभे राहिले. उन्हाळाभर एखादा तरुण किंवा एखादं जोडपं तिथे एकटं राहून चहूकडे धूर शोधत असे. मनोऱ्यापासून ठाण्यापर्यंत झाडाझाडांवरून टेलिफोनची तार ओढलेली असे. धूर दिसला की दिशा मोजून कळवायचं, मग खालून माणसं निघायची. गाडं अडायचं ते इथेच. मूस क्रीकसारख्या ठिकाणी पोचायला रस्त्याच्या टोकापासून खेचरांच्या तांड्याबरोबर दोन-तीन दिवस सहज लागत. वीज पडून एका झाडाला लागलेली आग पहिल्या दिवशी दोन माणसं विझवू शकतात. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे दोनशे माणसंही थिटी पडतात.

१९३४ साली हे याच खोऱ्यात दिसलं. सेलवे आणि शेजारची लॉक्सा या नद्यांच्या परिसरात लागलेल्या आगींनी अडीच लाख एकरांहून अधिक जंगल गिळलं. हजारो माणसं लढली, पैसा ओतला आणि अखेर शरद ऋतूतल्या पावसानेच आग विझली.

या पराभवातून दोन अगदी उलटे निष्कर्ष निघाले, आणि तेही एकाच वर्षी. एलर्स कॉख हे मोंटानातले मुरलेले वनाधिकारी. १९१० च्या आगीतही ते होते. त्यांनी १९३५ साली वनशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख लिहिला, ‘लोलो वाटेचा अस्त’ अशा अर्थाच्या मथळ्याचा (लोलो ही या डोंगरांतली जुनी पायवाट). त्यांचं म्हणणं असं की या दुर्गम डोंगरांत आगीशी लढून आपण काहीच मिळवलेलं नाही. उलट लढण्यासाठी म्हणून रस्ते काढले, तारा ओढल्या आणि जे राखायला निघालो तेच घालवून बसलो. हा मुलूख होता तसा सोडून द्यावा. खात्यात राहून खात्याच्या मूळ श्रद्धेलाच असा हात घालायला मोठं धैर्य लागतं. मला तर या सगळ्या इतिहासात कॉख हेच सर्वांत दूरचं पाहणारे गृहस्थ वाटतात.

खात्याने ऐकलं ते मात्र दुसऱ्याचं. त्याच १९३५ साली खात्याचे प्रमुख फर्डिनांड सिलकॉक्स यांनी नियम केला की कुठलीही आग, कितीही दूर लागलेली असो, दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आलीच पाहिजे. नाही आली तर त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दहाच्या आत. हा नियम ‘दहाचा नियम’ म्हणूनच ओळखला गेला. पण खेचरं तर तीच होती, डोंगर तेच होते. सकाळी दहाची वेळ गाठायची तर हवेतूनच जायला हवं होतं.

मूस क्रीकची धावपट्टी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, या नियमाच्याही आधी, तयार झाली होती ती आगीपर्यंत लवकर पोचण्याच्या याच गरजेपोटी. माळ साफ करून, सपाट करून गवत राखलं आणि माणसं, अन्न, हत्यारं विमानाने येऊ लागली. जिथे तांड्याला दोन-तीन दिवस लागत, तिथे मोंटानातल्या मिझूलाहून विमान तासाभराच्या आत पोचे. या भागात डोंगरी उड्डाणाची कला ज्यांनी घडवली, त्यांत मिझूलाची जॉन्सन फ्लाइंग सर्व्हिस आघाडीवर होती. त्यांच्या ट्रॅव्हल एअर बनावटीच्या एका इंजिनाच्या विमानांनी आणि पुढे तीन इंजिनांच्या फोर्ड ट्रायमोटरांनी या दऱ्याखोऱ्यांत अक्षरशः वाहतुकीचा धंदा चालवला. पन्हळी पत्र्याच्या अंगाचं ते अवजड विमान कमी वेगात उडू शके आणि छोट्या जागेत उतरू शके, म्हणून प्रवासी कंपन्यांनी टाकून दिल्यावरही डोंगरांत त्याला मान होता. तरी ही उड्डाणं सोपी कधीच नव्हती. ४ ऑगस्ट १९५९ रोजी मूस क्रीकला उतरताना एक ट्रायमोटर पट्टीच्या पुढे जाऊन झाडांवर आदळलं आणि पेटलं. त्यात दोन अग्निशामक आणि नेझ पर्स राष्ट्रीय वनाचे मुख्य अधिकारी असे तिघे मृत्युमुखी पडले.

विमान धावपट्टीपर्यंत नेऊन सोडतं, पण आग धावपट्टीवर लागत नाही. ती दोन डोंगर पलीकडे, वाट नसलेल्या उतारावर लागते. मग माणूस थेट आगीजवळ उतरवता येईल का? १९३९ च्या शरदात वॉशिंग्टन राज्यातल्या विनथ्रॉपला वनखात्याने पॅराशूटच्या चाचण्या घेतल्या. झाडीत उतरणं म्हणजे मरण, असं तोवर सगळे मानत. चाचण्यांनी दाखवलं की योग्य पोशाख असेल तर झाडाच्या शेंड्यात अडकणं हे खडकावर आदळण्यापेक्षा बरं. त्यासाठी जाड कॅन्व्हासचा, आतून गादी भरलेला अंगरखा झाला, मान झाकणारी उंच कॉलर आली, चेहऱ्यापुढे तारेची जाळी असलेलं शिरस्त्राण आलं आणि पायाच्या खिशात लांब दोर आला. झाडात अडकलं की दोर बांधून खाली उतरायचं.

१२ जुलै १९४० रोजी रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली या दोघांनी जॉन्सनांच्या ट्रॅव्हल एअरमधून नेझ पर्स राष्ट्रीय वनातल्या मार्टेन क्रीकच्या आगीवर उडी घेतली. आग विझवण्यासाठी पॅराशूटने उडी घेण्याची ही अमेरिकेतली पहिली प्रत्यक्ष कामगिरी मानली जाते. कूली यांच्या छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडला होता. तो सुटला तोवर ते एका उंच स्प्रूसच्या शेंड्याशी आले आणि त्यातच अडकले. दोघेही सुखरूप राहिले आणि आग विझली. त्या पहिल्या हंगामात या विभागाच्या उडीवीरांचा मुक्काम मूस क्रीकच्या ठाण्यावरच होता. स्मोकजंपर या नावाने आज जगभर माहीत असलेल्या पेशाची सुरुवात या गवताच्या पट्टीशी अशी बांधलेली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी लष्करातले मेजर विल्यम ली स्मोकजंपरांचं मोंटानातलं प्रशिक्षण पाहायला येऊन गेले होते. पुढे त्यांनी लष्कराचं पहिलं पॅराशूट दल उभं केलं, त्यात इथल्या पद्धतींचा भाग होता. म्हणजे जंगलाने लष्कराकडून नव्हे, लष्करानेच या विद्येतलं काही जंगलाकडून घेतलं.

उडी कशी होते हे कळलं की या कामाचा कस लक्षात येतो. विमानात एक अनुभवी माणूस दारापाशी पालथा झोपून खालचा डोंगर न्याहाळतो. तो आधी कागदाच्या रंगीत पट्ट्या सोडतो. त्या किती वाहवत जातात यावरून वारा मोजला जातो आणि उडीची नेमकी जागा ठरते. उडीवीर दोघादोघांनी बाहेर पडतात, बरीच वर्षं विमानाला जोडलेल्या पट्ट्याने त्यांची छत्री आपोआप उघडत असे. मागून करवती, पुलास्की, पाणी, अन्न यांच्या पेट्या वेगळ्या छत्र्यांनी येतात. खाली पाण्याचा बंब नसतो. आगीभोवतीचं गवत, पाचोळा, मुळं खणून काढून उघड्या मातीचा पट्टा करायचा, म्हणजे जळायला काही उरत नाही. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, तेच तत्त्व; फक्त इथे ती पेटत्या आगीच्या तोंडाशी काढायची. काम संपलं की छत्री, दोर, हत्यारं सगळं पाठीवर बांधायचं, पन्नास किलोच्या आसपास ओझं, आणि वाट शोधत जवळच्या धावपट्टीपर्यंत चालत यायचं. आकाशातून आलेला माणूस परत जातो तो पायांनीच.

दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेले आणि स्मोकजंपर मिळेनात. तेव्हा दोन अनपेक्षित तुकड्या पुढे आल्या. पहिली, धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्यांची. मेनोनाइट, क्वेकर अशा शांततावादी पंथांतले सुमारे अडीचशे तरुण १९४३ ते १९४५ या काळात मोंटानातून आगींवर उड्या घेत राहिले. मारणार नाही, पण मरणाला भीत नाही, हे त्यांनी कृतीने सांगितलं. दुसरी तुकडी ५५५ व्या पॅराशूट पलटणीची. कृष्णवर्णीय सैनिकांच्या या पलटणीला युद्धावर न धाडता १९४५ मध्ये पश्चिमेकडच्या जंगलांत आगी विझवायला पाठवलं गेलं. जपानने महासागरावरून सोडलेल्या बॉम्बवाहक फुग्यांनी जंगलं पेटतील अशी तेव्हा धास्ती होती. या पलटणीतले माल्विन ब्राउन ६ ऑगस्ट १९४५ रोजी झाडावरून उतरताना पडून गेले. आगीच्या कामगिरीवर मरण पावलेले ते पहिले स्मोकजंपर. ज्यांना समाजाने रांगेत मागे उभं केलं होतं, त्यांनी हे काम उचललं, ही गोष्ट विमानांच्या आणि पराक्रमाच्या वर्णनात बुडून जाऊ नये असं मला फार वाटतं.

आणि १९४९ चा मान गल्च आहेच. ५ ऑगस्टला मोंटानातल्या या घळीत आग उलटली आणि १३ माणसं गेली. ज्या विमानातून त्यांतली बहुतेक उतरली, त्यात उडीची जागा ठरवणारे होते तेच अर्ल कूली, पहिल्या उडीतले. तुकडीचा नायक वॅग्नर डॉज मात्र वाचला. आग पाठीशी येत असताना त्याने समोरच्या गवताला स्वतःच काडी लावली आणि जळून काळ्या झालेल्या जागेत पालथा पडून राहिला. एकदा जळलेलं पुन्हा जळत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्याच्या माणसांना ते त्या क्षणी समजलं नाही.

एकदा जळलेलं पुन्हा जळत नाही, निदान लगेच तरी नाही. ही साधी गोष्ट अख्ख्या जंगलाला लागू होते हे ध्यानात यायला खात्याला आणखी वीसेक वर्षं लागली. दरम्यान एक मोठा कायदा झाला. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वन्यप्रदेश कायद्यावर सही केली. त्याचा मसुदा ज्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केला ते हॉवर्ड झानिझर चारच महिने आधी वारले होते. या कायद्याने ५४ प्रदेश, एकूण ९१ लाख एकर, रस्ते, मोटारी, यंत्रं आणि यांत्रिक वाहनं यांच्यापासून कायमचे मुक्त केले. सेलवे-बिटररूट त्या पहिल्या यादीतच होता. विमान उतरवायलाही बंदी आली. मात्र एक अपवाद ठेवला: जिथे विमानांचा वापर आधीपासून रुजलेला आहे, तिथे तो पुढे चालू देता येईल. मूस क्रीक वाचलं ते या एका कलमाने. या वन्यप्रदेशात फिश लेक आणि शिअरर या आणखी दोन पट्ट्याही त्यामुळेच टिकल्या. दक्षिणेकडे सॅमन नदीपलीकडचा विस्तीर्ण प्रदेश १९८० साली संरक्षित झाला, तेव्हा तिथल्या नियमित वापरातल्या धावपट्ट्या राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय बंद करता येणार नाहीत असं कायद्यातच लिहून टाकलं गेलं. त्याच भागात, चेंबरलेन खोऱ्यात, १९४८ साली आयडाहोच्या वन्यजीव खात्याने ७६ बीव्हर लाकडी खोक्यांत घालून पॅराशूटने सोडले होते. खोकी जमिनीला टेकताच उघडत. ७५ जिवंत उतरले आणि त्यांनी ओढ्यांवर बांध घातले. या मुलखात विमानाने काय काय वाहून आणलं याची यादी खरोखर अद्भुत आहे.

पण सर्वांत मोठी उलथापालथ १९७२ सालची. सेलवे-बिटररूटच्या व्हाइट कॅप ओढ्याच्या खोऱ्यात काही तरुण वनाधिकाऱ्यांनी दोन वर्षं जंगलाचा अभ्यास केला. जुन्या झाडांच्या बुंध्यांवर जळाल्याचे व्रण असतात आणि वार्षिक वलयांच्या आधारे त्या आगीचं वर्ष काढता येतं. पाँडेरोसा पाइनच्या बुंध्यांनी सांगितलं की इथे पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची, बुटकी आग फिरून जात असे. या झाडाची साल जाड असते, फांद्या उंचावर असतात. अशी आग त्याला इजा करत नाही, खालची रोपटी आणि वाळका कचरा तेवढा साफ करते. आग बंद पडल्यावर हा कचरा साठत गेला. त्यातून फरची दाट रोपं वाढली आणि जमिनीवरच्या ज्वाळेला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. म्हणजे सगळ्या आगी विझवत राहण्याच्या यशानेच पुढच्या महाभयंकर आगीची तयारी केली होती. लॉजपोल पाइनची गोष्ट वेगळीच. त्याच्या कित्येक शंकूंना राळेचं टाळं असतं, ते उष्णतेने वितळतं आणि मगच बी सुटतं. आग नसेल तर त्याची पुढची पिढी अडते.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये बॅड लक क्रीकजवळ वीज पडून आग लागली. वनखात्याने प्रथमच, नियोजनपूर्वक, वन्यप्रदेशातली आग विझवायला कोणालाही पाठवलं नाही. ती आग इवलीशी होती, आपोआप विझली. पुढच्या वर्षीची फिट्झ क्रीकची आग मात्र हजाराहून अधिक एकर जळत गेली. ती आखलेल्या हद्दीबाहेर पडली तो भाग विझवला गेला, पण आतला जळू दिला. टीका झाली, अधिकारी ठाम राहिले आणि १९७८ साली खात्याने दहाचा नियम अधिकृतपणे मागे घेतला. एलर्स कॉख तेव्हा हयात नव्हते. १९५४ साली ते गेले होते. ज्या सेलवे मुलखाकडे बोट दाखवून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं होतं, तिथेच ते खरं ठरलं. आज या वन्यप्रदेशात विजेने लागलेल्या अनेक आगींवर नुसती नजर ठेवली जाते. मूस क्रीकच्या आजूबाजूचे उतार म्हणूनच एकसारखे हिरवे दिसत नाहीत. कुठे करडे वाळके सोट, कुठे गुडघाभर रोपं, कुठे दोन-तीन शतकांचे पाइन, असं तुकड्यातुकड्यांचं जंगल दिसतं. नवख्याला ते उजाड वाटेल. खरं तर ते निरोगी आहे, कारण एक तुकडा पेटला तरी पूर्वी जळलेल्या तुकड्यापाशी येऊन आग मंदावते.

म्हणून काही जण विचारतात की आगीशी लढण्याचं कारणच उरलं नसेल, तर ही धावपट्टी कशाला हवी? निव्वळ शांततेच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. दोन दिवस चालत आलेल्या माणसाच्या कानावर इंजिनाचा आवाज आला की त्याचा विरस होतो. तरी माझं मत पट्टी राखावी असंच आहे. वय झालेल्या, पायांनी अधू असलेल्या माणसाला या जंगलाच्या गाभ्यात रात्र काढायची तर दुसरा सोपा मार्ग नाही. शिवाय वैमानिकांच्या संघटनांचे स्वयंसेवक अशा पट्ट्यांच्या देखभालीसाठी राबतात. आणि मुख्य म्हणजे हा इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. ठाण्याच्या ओंडक्यांच्या जुन्या इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत आहेत आणि पट्टीशिवाय त्यांची गोष्ट अर्धी राहते. नवीन पट्टी मात्र एकही होऊ नये. कायदा नेमकं हेच सांगतो. पट्टीवरचं गवतही खेचरं जुंपून, जुन्या पद्धतीच्या ओढायच्या यंत्राने कापलं जातं, कारण इंजिनाचं यंत्र तिथे चालत नाही. विमानतळाची अशी देखभाल दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

हे सगळं वाचून आपल्याकडच्या वणव्यांनाही जळू द्यावं असं कुणाला वाटेल, म्हणून सांगून ठेवतो: सेलवेचा धडा इथे तसाच्या तसा लागू होत नाही. तिकडच्या त्या आगी विजेने लागतात. मेळघाट, गडचिरोली किंवा सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरच्या आगी बहुतांशी माणसाने लावलेल्या असतात. मोहफुलं वेचायला खालचा पाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून, चांगलं गवत यावं म्हणून काडी लावली जाते. त्या लागतात त्या ऐन कोरड्या दिवसांत, आणि त्याच त्या जागी दर वर्षी. रोपट्याला वाढायला उसंतच मिळत नाही. उन्हाळ्यात झाडाच्या फांदीचा झोडपा घेऊन या आगी विझवणारे आपले अंगारी मजूर करतात ते काम गरजेचं आहे आणि त्यांना मिळतं त्याहून पुष्कळ मोलाचं आहे. शिकण्यासारखं आहे ते वेगळंच: जंगल कोणतं, आग कोणती, किती वर्षांनी आली, हे आधी मोजायचं आणि मग धोरण ठरवायचं.

आता जायचं कसं. सिअॅटल, बॉइझी, स्पोकेन या भागांत बरीच मराठी मंडळी नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. त्यांच्यासाठी हे लांबच्या सुट्टीतलं ठिकाण आहे. चालत जायचं तर सेलवेच्या काठाने जाणारी वाट उत्तम. पश्चिमेकडे रस्ता संपतो तिथून मूस क्रीक सुमारे ४० किलोमीटर आहे. वाट नदीलगत, कमी उंचीवर असल्यामुळे वरचे डोंगर बर्फात असतानाही वसंतात ती लवकर मोकळी होते. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने नदी फुगलेली असते, त्यामुळे आडव्या येणाऱ्या ओढ्यांचा नीट अंदाज घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये तळाशी ऊन कडक, रॅटलस्नेक असतात आणि धुरामुळे वाटा अचानक बंद होऊ शकतात. सप्टेंबर सगळ्यांत सुखाचा. मात्र त्यातच शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भगव्या रंगाचं काहीतरी अंगावर हवंच. हिवाळ्यात ठाणं ओस असतं. बर्फावरून चालण्याचा आणि हिमस्खलन ओळखण्याचा सराव असलेल्यांनीच तेव्हा विचार करावा. सेलवे ही १९६८ साली राष्ट्रीय संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांपैकी एक आहे. तराफ्याने उतरायला हंगामात दिवसाला एकाच गटाला परवाना मिळतो, म्हणून नदीवर गर्दी अशी कधीच नसते.

विमानाने जायचं तर डोंगरी उड्डाणाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाबरोबरच जावं. पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,४५० फुटांवर आहे आणि मुख्य धाव सुमारे ४,१०० फुटांची, म्हणजे अशा डोंगरी पट्ट्यांच्या मानाने ऐसपैस. तरी फसगत होते ती उन्हाने. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही उतरते. पारा ३५ अंशांवर गेला की इथलं विमान ५,००० फुटांहून उंच ठिकाणी असल्यासारखं वागतं आणि चहूकडे तर डोंगर आणि झाडं. दुपारी दरीतून वारे चढू लागतात ते निराळंच. म्हणून जाणते वैमानिक सकाळी थंड हवेत येतात आणि सकाळीच निघतात. नियंत्रण मनोरा नाही, इंधन नाही, पट्टीवर हरणं आणि एल्क चरत असतात. उतरण्याआधी एक फेरी मारून ती पाहून घ्यावी लागते.

दोन्ही मार्गांनी जाणाऱ्यांना मोबाईलची रेंज मिळणार नाही, हे धरून चालावं. निघण्यापूर्वी नेझ पर्स-क्लिअरवॉटर राष्ट्रीय वनाच्या कार्यालयात फोन करून वाटांची, आगींची आणि पट्टीची ताजी स्थिती विचारावी. शेकोटीला त्या दिवशी मुभा आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.